फ्री जॅझ आणि कॉम्प्युटर: सूर मोजायचे की ऐकणं?

फ्री जॅझ, म्हणजे सुरांची-लयीची चौकट आधी न ठरवता वाजवलेला जॅझ, पहिल्यांदा ऐकणाऱ्या बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, हा काय गोंधळ चाललाय, प्रत्येक जण आपापलं वाजवतोय आणि कोणाचं कोणाकडे लक्ष नाहीये. पाठोपाठ दुसरं वाक्य येतंच, की असं तर कॉम्प्युटरसुद्धा वाजवेल, रँडम नोट्स सोडायच्या की झालं. तर कॉम्प्युटरवाल्यांनी हे खरोखर करून बघितलंय, गेली चाळीसेक वर्षं करतायत, अमेरिकेत, पॅरिसमध्ये, लंडनमध्ये, आणि त्यातनं जे हाती लागलंय ते मला इतकं मोलाचं वाटतं की जॅझ अजिबात न ऐकणाऱ्यांनाही सांगावंसं वाटतं.

आधी फॉर्मल मॉडेल म्हणजे काय ते बघू. एखादी गोष्ट कशी घडते हे इतकं नेमकं लिहायचं की ते वाचून मशीनला पायरी-पायरीने तसं करता आलं पाहिजे, एवढंच. "कलाकार मूडप्रमाणे वाजवतो" हे मॉडेल नाही, कारण मूड कधी बदलतो, कशाने बदलतो, बदलला की नेमकं काय बदलतं यातलं काहीच त्यात सांगितलेलं नाही. मॉडेल लिहायला बसलं की असं मोघम बोलून सुटता येत नाही, आणि माझ्या मते त्याचा खरा उपयोग तिथेच आहे, मग मशीनने शेवटी चांगलं वाजवलं काय किंवा नाही वाजवलं काय.

नेहमीच्या जॅझचं मॉडेल करणं तुलनेने सोपं. बारा बारचा ब्लूज घ्या, प्रत्येक बारमध्ये चार बीट, कॉर्ड्सचा (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर) क्रम ठरलेला, बारा बार संपले की परत पहिल्यापासून, आणि त्यावर सोलो वाजवणारा आपली करामत दाखवतो. १९८४ मध्ये मार्क स्टीडमन यांनी या ब्लूजच्या कॉर्ड्ससाठी चक्क व्याकरण लिहिलं, भाषेचं असतं तसं, आणि त्यातल्या मोजक्याच नियमांतून जॅझवाले साध्या ब्लूजमध्ये कॉर्ड्सची जी फिरवाफिरवी करतात तिच्यातली बरीचशी बाहेर पडते. म्हणजे इथे धरायला काठी आहे. कुठली नोट कुठल्या कॉर्डवर बसते, कुठली घासते, कुठे परत यायचं, सगळं त्या क्रमावरून ठरवता येतं. आपल्याकडे राग आणि ताल हे काम करतात, गायक कितीही लांब गेला तरी समेवर यायचंय हे त्यालाही माहीत असतं, तबलजीलाही आणि समोर बसलेल्यांनाही.

फ्री जॅझमध्ये ही काठीच काढून घेतलेली असते. कॉर्ड्सचा ठरलेला क्रम नाही, बऱ्याचदा ठरलेली लय नाही, कोण किती वेळ वाजवणार हेही मोकळं. मग मॉडेल कशाचं करायचं?

याचं उत्तर शोधायला एक रेकॉर्ड जवळून ऐकावी लागते. २१ डिसेंबर १९६०, न्यूयॉर्क. ऑर्नेट कोलमनने स्वतःला धरून आठ वादक जमवले आणि त्यांच्या दोन चौकड्या केल्या, एक डाव्या स्पीकरमध्ये, एक उजव्या. डावीकडे ऑर्नेट स्वतः अल्टो सॅक्सोफोनवर, डॉन चेरी पॉकेट ट्रम्पेटवर, स्कॉट लाफारो बासवर, बिली हिगिन्स ड्रम्सवर. उजवीकडे एरिक डॉल्फी बास क्लॅरिनेट घेऊन, फ्रेडी हबर्ड ट्रम्पेटवर, चार्ली हेडन बासवर आणि एड ब्लॅकवेल ड्रम्सवर. (डॉन चेरी हे नाव लक्षात ठेवा, आपल्या शोभा गुर्टूंचा मुलगा त्रिलोक गुर्टू पुढे युरोपात याच चेरीबरोबर वाजवायचा.) सदतीस मिनिटं सलग वाजवलं, एलपीच्या एका बाजूवर मावेना म्हणून दोन बाजूंवर तोडून द्यावं लागलं, आणि त्या रेकॉर्डच्या नावावरूनच या सगळ्या प्रकाराला फ्री जॅझ म्हणायला लागले.

हेडफोन लावून ऐकलं की लक्षात येतं की यात सांगाडा आहे. मध्ये मध्ये सगळे फुंकणारे मिळून एक छोटासा ठरवलेला तुकडा वाजवतात, मग एकाची पाळी येते, तो पुढे होतो आणि बाकीच्यांना मोकळीक असते, वाटलं तर मागनं काहीतरी म्हणायचं, वाटलं तर गप्प राहायचं. पहिला डॉल्फी, मग हबर्ड, मग ऑर्नेट, मग चेरी, त्यानंतर दोन्ही बासवाले, शेवटी दोन्ही ड्रमवाले. आता ऑर्नेटच्या पाळीत मागे काय होतं ते ऐका: तो एक छोटी ओळ वाजवतो, ती उजवीकडचा कोणीतरी उचलतो, थोडी वाकडी करून परत देतो, दुसरा तीच लांबवतो, बघता बघता चौघं एकाच गोष्टीवर बोलायला लागलेले असतात आणि ऑर्नेट त्यांच्यावरून पुढे निघून जातो. याच दिवशी आधी सतरा मिनिटांचा एक टेक झाला होता, तो १९७१ मध्ये बाहेर आला. दोन्ही शेजारी ठेवून ऐकले की सांगाडा ओळखीचा वाटतो आणि नोट्स मात्र साफ वेगळ्या. म्हणजे जे टिकून राहिलं ते नोट्समध्ये नव्हतंच, ते कोण कोणाला कधी आणि कसं उत्तर देतं यात होतं.

रँडमवाल्या मुद्द्याचं उत्तरही इथेच मिळतं. फासा टाकला तर या वेळेच्या फाशाला मागचा फासा माहीत नसतो, रँडम म्हणजे तेच, आठवण नसणं. फ्री जॅझमध्ये पुढची नोट सांगता येणार नाही हे खरं, पण पुढची पाच सेकंदं दाट जाणार की विरळ, आवाज वर चढतोय की खाली उतरतोय, ड्रमवाला सॅक्सोफोनच्या मागे आहे की त्याला ढकलतोय, हे कान बसला की बऱ्यापैकी सांगता येतं. एका पातळीवर अंदाज लागत नाही आणि दुसऱ्या पातळीवर लागतो. ज्यांनी पहिली पातळी मोजली त्यांना गोंधळ दिसला.

मॉडेलच्या बाजूने पहिलं मोठं काम जेफ प्रेसिंगचं. हा स्वतः वादक, मानसशास्त्राचाही अभ्यासक, ऑस्ट्रेलियात असायचा आणि १९८० च्या दशकात त्याने इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे ऐनवेळी सुचेल ते वाजवणं, माणसाच्या डोक्यात कसं चालतं याचा एक आराखडा मांडला. त्याचं म्हणणं असं की वाजवणारा एकेक नोट ठरवत नाही, तो घटनांचे छोटे छोटे गुच्छ वाजवतो, आणि प्रत्येक गुच्छाच्या शेवटी त्याच्यापुढे दोनच रस्ते असतात: एक, आत्ता जे चाललंय त्यातलं काहीतरी धरून ठेवून पुढे जायचं, किंवा दुसरा, ते सगळं तोडून नवीन काहीतरी सुरू करायचं. तोडायचं कधी? तर तेच तेच वाजवण्याची सहनशक्ती संपली की. प्रत्येक वादकाची एक मर्यादा असते, पुनरावृत्ती वाढत वाढत त्या मर्यादेला टेकली की आतून धक्का बसतो आणि तो उडी मारतो. किती साधं आहे बघा हे, पण यात कॉर्ड, राग, ताल कशाचीच गरज लागत नाही, आणि तरी एक चालणारा प्रोग्राम लिहिता येतो: गुच्छ, त्याचे गुण (उंच-खाली, दाट-विरळ, मऊ-खरखरीत), आणि एक कंटाळ्याचा काउंटर. प्रेसिंगने ठरलेल्या चौकटीलाही जागा दिली होती, ब्लूजमध्ये कॉर्ड्सचा क्रम ती चौकट, ख्यालात राग आणि बंदिश, आणि ती चौकट काढून टाकली तरी बाकीचं मॉडेल चालू राहतं. हे मला त्याचं सगळ्यात मोठं यश वाटतं.

व्याकरणाचा रस्ता कुठवर जातो हे बघायचं तर आपल्याकडचंच उदाहरण आहे. १९८० च्या दशकात जिम किपेन हा अभ्यासक लखनौ घराण्याचे उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होता, आणि बर्नार्ड बेल या त्याच्या मित्राने बोल प्रोसेसर नावाचा प्रोग्राम लिहिला. कायदा (तबल्यातली ठरलेल्या बोलांची एक रचना) वाजवताना मूळ बोल घेऊन त्याचे पलटे कसे करायचे हे त्यात व्याकरणाच्या नियमांनी लिहायचं, मग मशीन नवीन पलटे तयार करणार, आणि ते उस्तादांपुढे ठेवायचे. उस्ताद म्हणायचे हा चालेल, हा नाही चालणार. चालणार नाही म्हटलं की कुठला नियम ढिला पडला ते शोधायचं, दुरुस्त करायचं, परत मशीनला वाजवायला लावायचं. किती सुंदर पद्धत आहे ही, उस्तादांना नियम शब्दांत सांगता आले नाहीत तरी चालतं, चूक ऐकू आली की पुरे. पण यात एक गोष्ट गृहीत आहे, की बरोबर-चूक सांगणारा एक कान आहे आणि तो काय म्हणेल याची घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या घडण झालेली आहे. फ्री जॅझमध्ये असा निवाडा मागायचा कोणाकडे? ऑर्नेटने जे बरोबर मानलं ते फ्री जॅझच्याच पियानोवाल्या सेसिल टेलरने मानावं असं काही नाही. लखनौची पद्धत तशीच्या तशी उचलून इथे लावता येत नाही.

मग पॅरिसच्या इरकाम या संगीत-संशोधन संस्थेत दुसरा विचार झाला. नियम आपण लिहायचेच नाहीत, समोरचा वादक आत्ता वाजवतोय त्यातूनच मशीनने शिकायचं, वाजवता वाजवता. जेरार्ड असायाग, मार्क शेमिलिए, जॉर्ज ब्लोक आणि श्लोमो डब्नोव्ह यांनी यातून ओमॅक्स नावाची सिस्टीम केली. तिच्या पोटात जी रचना आहे ती मुळात संगीताची नाहीच, मजकुरात शब्द पटकन शोधता यावेत म्हणून १९९९ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी काढलेली, नाव फॅक्टर ओरॅकल. नाव जड आहे पण आतलं काम आपल्याला हाताने करून बघता येईल.

समजा वादकाने वाजवलं: सा रे ग सा रे म. प्रत्येक नोट आली की मशीन एक खूण पुढे टाकतं. सुरुवातीची शून्य, सा आल्यावर एक, रे आल्यावर दोन, ग ला तीन, परत सा ला चार, परत रे ला पाच, म ला सहा. एका खुणेवरून पुढच्या खुणेवर बाण. इथपर्यंत ही नुसती टेप आहे. आता कमाल पुढे: पाच नंबरच्या खुणेवर आल्यावर मशीनला दिसतं की "सा रे" हे आपण आधी ऐकलंय, दोन नंबरवर असताना, म्हणून ते पाचवरून मागे दोनवर एक धागा बांधून ठेवतं. आणि म आल्यावर दोनवरून सरळ सहावरही बाण टाकतं, कारण "सा रे" नंतर म येऊ शकतो हे आता कळलंय. मशीन वाजवायला लागलं की टेपवरून पुढे सरकतं, पाचवर पोचलं, आता म वाजवायच्या ऐवजी धागा धरून दोनवर उडी मारली आणि ग वाजवला: सा रे ग सा रे ग सा रे म. वादकाने हे वाजवलंच नव्हतं, पण त्याच्याच हातचं वाटतं, कारण जिथून उडी मारली आणि जिथे मारली त्या दोन्ही ठिकाणी मागचा संदर्भ सारखा होता. उड्या कमी मारल्या तर जवळजवळ नक्कल, जास्त मारल्या तर ओळखू येणार नाही असं काहीतरी. आणि ही सगळी रचना एकेक नोट येईल तशी वाढते, बाण नोट्सच्या दुपटीहून कमीच राहतात, म्हणून मैफल चालू असताना लाइव्ह करता येतं. बर्नार्ड लुबा नावाचा फ्रेंच जॅझवाला याच्याबरोबर बरंच वाजवलाय.

पण वरच्या उदाहरणात मी एक मोठी सवलत घेतली, पहिला सा आणि दुसरा सा एकच असं आपण धरून चाललो. पियानोवर ठीक आहे, पट्टी तीच. फ्री जॅझचा सॅक्सोफोन घ्या, अल्बर्ट आयलरसारखा वादक रीडवर (तोंडाशी कंप पावणाऱ्या पातळ पट्टीवर) इतका जोर देतो की एका नोटेतून दोन-तीन सूर फुटतात, किंचाळी आणि सूर यांच्या मधलं काहीतरी ऐकू येतं, आणि तसा आवाज पुन्हा हुबेहूब कधीच येत नाही. मग मशीनने मागे धागा बांधायचा तो कशाच्या आधारावर? ओमॅक्समध्ये आवाजाचे गुण मोजून जवळजवळचे आवाज एका गटात टाकायची सोय आहे, आणि गट मोठे ठेवले तर मशीनला सगळंच सारखं वाटतं, फार बारीक केले तर काहीच सारखं वाटत नाही आणि धागे बांधलेच जात नाहीत. म्हणजे कुठले दोन आवाज सारखे मानायचे हा निर्णय आधी कोणीतरी घ्यावा लागतो, आणि माझ्या मते या अख्ख्या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. अल्गोरिदम किती का हुशार असेना, त्याला दिलेली अक्षरं, म्हणजे आवाजांचे हे गट, चुकीची असली तर पुढचं सगळं वाया जातं.

आता जॉर्ज लुईस. शिकागोचा ट्रॉम्बोनवाला, १९७१ मध्ये एएसीएममध्ये आला, म्हणजे १९६५ मध्ये शिकागोच्या कृष्णवर्णीय संगीतकारांनी स्वतःचं संगीत स्वतःच्या अटींवर वाजवता यावं म्हणून उभी केलेली संघटना. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टाइम स्टुडिओत फोर्थ या प्रोग्रामिंगच्या भाषेत व्हॉयेजर लिहिला, आणि या विषयातलं एकच काम बघायचं असेल तर हे बघा असं मी म्हणेन.

व्हॉयेजरच्या आत चौसष्ट वादक आहेत, सॉफ्टवेअरचे, प्रत्येक जण एका वेळी एकच सूर वाजवणारा आणि प्रत्येकाची लय स्वतंत्र. दर पाच ते सात सेकंदांनी प्रोग्राम या चौसष्टमधून नवीन टोळी जमवतो: कोण वाजवणार, किती जण, कुठल्या वाद्याच्या आवाजात, किती जोरात, किती वेगाने, सुरांचा कुठला संच घेऊन. जुनी टोळी पूर्ण मोडायची की नवीन लोक तिच्यात घुसवायचे हेही तेव्हाच ठरतं. समोर माणूस वाजवत असेल तर त्याच्या वाजवण्यातून नोट्स पकडल्या जातात, पण प्रोग्राम त्या नोट्स पाठ करत बसत नाही, तो सरासरी काढतो: साधारण किती उंच, किती जोरात, दोन नोट्समध्ये किती अंतर. आणि मग प्रत्येक टोळीसाठी वेगळं ठरतं की या माणसाचं काय करायचं, त्याच्यासारखं वाजवायचं, त्याच्या बरोबर उलट जायचं, की त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. माणूस थांबला तरी व्हॉयेजर थांबत नाही, त्याचं त्याचं चालू राहतं.

दुर्लक्ष करण्याची ती तिसरी शक्यता लिहून ठेवणं मला फार थोर वाटतं. आपण साधारणपणे प्रोग्राम लिहितो तो सांगकाम्या म्हणून, बटण दाबलं की उत्तर आलंच पाहिजे. इथे लुईसने असा भिडू लिहिला जो तुमचं ऐकूनही स्वतःचं म्हणणं सोडत नाही, आणि तुम्ही ट्रॉम्बोन घेऊन त्याच्यासमोर उभे राहिलात की तुम्हालाही त्याचं ऐकावंच लागतं, कारण तो तुमच्या ताब्यात नाही. लुईसने यावर लिहिलंय त्यात तो स्पष्ट म्हणतो की हा प्रोग्राम आफ्रिकन-अमेरिकन संगीताच्या विचारातून आलाय, एकाच वेळी अनेक आवाज, अनेक लयी, अनेक रंग सारख्याच जोराने पुढे येतात, कोणी एक मुख्य आणि बाकीचे साथीला असं नाही. म्हणून फ्री जॅझला रँडम म्हणणं ही नुसती गणिताची चूक नाहीये. १९५०-६० च्या दशकांत युरोपियन वळणाच्या अमेरिकन संगीतात फासे टाकून संगीत लिहिण्याची, म्हणजे रचनेतून स्वतःला बाजूला काढण्याची मोठी चळवळ होती, आणि त्याच काळात कृष्णवर्णीय वादक बरोबर उलट सांगत होते, की हा माझा आवाज आहे, माझ्या आयुष्यातून आलेला, तो ओळखा. दोन्ही ऐकायला विस्कळीत वाटतात म्हणून एकाच पिशवीत भरले तर दुसऱ्यांचं म्हणणंच पुसलं जातं, आणि मॉडेल करणाऱ्याने फासा निवडला की त्याने कळत-नकळत बाजू घेतलेली असते.

आता एका वादकाकडून अख्ख्या टोळीकडे. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला जोसेफ गोगन म्हणून कॉम्प्युटर सायंटिस्ट होते, प्रोग्राम बरोबर आहे हे गणिताने कसं मांडायचं या विषयातलं मोठं नाव, आणि त्यांनी डेव्हिड बोर्गो या सॅक्सोफोन वाजवणाऱ्या संगीत-अभ्यासकाबरोबर फ्री जॅझवर काम केलं. त्यांनी घेतलं सॅम रिव्हर्सच्या ट्रिओचं १९७३ मध्ये येल विद्यापीठात झालेलं लाइव्ह रेकॉर्डिंग, रिव्हर्स सॅक्सोफोन, बासरी, पियानो बदलत वाजवणार, सेसिल मॅकबी बासवर, बॅरी आल्टशुल ड्रम्सवर, आधी काहीही न ठरवता. त्यांनी नोट्स उतरवून घेण्यावर भर दिला नाही, वळणं शोधली. अमुक मिनिटापर्यंत तिघं एका प्रकारात आहेत आणि मग तिथून दुसऱ्यात गेले, कसे गेले? अचानक तुटलं, की एकाने नवीन काही आणलं आणि बाकीचे हळूहळू आले, की चढत चढत टोकाला जाऊन कोसळलं?

हे सांगायला त्यांनी भौतिकशास्त्रातली कल्पना घेतली. वाडग्यात गोटी टाकली की कशीही सोडा, शेवटी तळाशी येऊन थांबते, जरा धक्का दिला तर हलते आणि परत तिथेच येते, धक्का मोठा बसला तरच काठ ओलांडून शेजारच्या वाडग्यात जाते. तिघं एका ग्रूव्हमध्ये, म्हणजे जमून आलेल्या लयीत, बसले की तसंच, बासवाल्याने जरा इकडे-तिकडे केलं तरी ग्रूव्ह त्याला ओढून आणतो, पण काही क्षण असे येतात की काठ आधीच उतरलेला असतो, तेव्हा एखादी बारीकशी नोटही तिघांना भलतीकडे नेते. मोठं वळण घ्यायला मोठा आवाज लागतो असं नाही, वेळ पिकलेली असावी लागते. बँडमध्ये वाजवणारा कोणीही हे सांगेल, गोगन आणि बोर्गोंनी त्याला विचार करायला हत्यार दिलं.

पुढे २०११ मध्ये क्लेमाँ कॅनॉन आणि निकोलस गार्निए यांनी हेच समीकरणांत मांडून बघितलं. प्रत्येक वादकाला दोनच गोष्टी दिल्या, एक त्याचा आत्ताचा इरादा, जो भराभर बदलतो, आणि दुसरी त्याचं उद्दिष्ट, म्हणजे हे सगळं कुठे न्यायचंय याची त्याची कल्पना, जी सावकाश बदलते. दोन्ही बाकीच्यांच्या वाजवण्याने हलतात. वापरली ती लान्डाऊची समीकरणं, भौतिकशास्त्रातून आलेली. प्रश्न एवढाच की कोणीही नेता नसताना, आधी काही ठरलेलं नसताना, नुसत्या या ओढाताणीतून तुकड्याला आकार येऊ शकतो का. लंडनच्या टिम ब्लॅकवेलने त्याआधीच दुसऱ्या बाजूने हात घातला होता, पक्ष्यांचा थवा एकत्र कसा उडतो त्याचे नियम घेऊन त्याने आवाजाच्या अवकाशात उडणारे कण केले, माणसाने नोट वाजवली की कण तिकडे झेपावतात आणि मशीन त्यांच्या जागेवरून वाजवतं. थवावाली गोष्ट बघायला मजा येते, पण थव्यातल्या पक्ष्याला उद्दिष्ट नसतं, म्हणून मला कॅनॉनचा मार्ग जास्त खरा वाटतो.

कॅनॉनने नुसती समीकरणं लिहून सोडली नाहीत, वादकांवर प्रयोगही केले. जाँ-ज्युलियाँ ओकुतुरिए यांच्याबरोबरच्या एका प्रयोगात दोन वादकांना शब्द न वापरता, फक्त वाद्यातून एकमेकांशी विशिष्ट वागणूक दाखवायला सांगितली: दुसऱ्यावर दादागिरी कर, त्याला तुच्छ लेख, उद्धटपणा कर, समेट कर, काळजी घे. ऐकणाऱ्या वादकाने ओळखायचं की समोरचा आपल्याशी कसा वागतोय. आणि अंदाजपंचे उत्तरं दिली असती तर जितकी बरोबर आली असती त्याहून स्पष्टपणे जास्त बरोबर आली. नुसते रेकॉर्डिंग ऐकणाऱ्यांनाही दोघांचं नातं कळत होतं, आणि ते एकाच्या वाजवण्यात नसून दोघांच्या एकत्र वाजवण्यात होतं, कोण कोणाच्या आधी सरकतं, कोण कोणाशी सूर जुळवतं, यात. कॉर्ड नाही, ताल नाही, आणि तरी समोरचा दादागिरी करतोय की सांभाळून घेतोय हे ऐकू येतं. एवढं असलेल्या संगीताला आपण गोंधळ म्हणत होतो.

याच दोघांचा आणखी एक प्रयोग आहे आणि तो थेट त्या अक्षरांच्या प्रश्नावर जातो. पॅरिसमधल्या मुरलेल्या फ्री इम्प्रोव्हायझर मंडळींना आवाजांचे छोटे तुकडे दिले, आणि सांगितलं की वाजवताना हे समोरून आलं तर तुम्ही काय कराल या हिशोबाने त्यांचे गट करा, ज्यांना सारखा प्रतिसाद द्याल ते एकत्र. आवाज कसा आहे यावर गट करायचे नव्हते, त्याला उत्तर काय द्यायचं यावर करायचे होते. ज्या वादकांची आपसात जास्त ओळख होती त्यांचे गट एकमेकांच्या गटांशी जास्त जुळले. म्हणजे कुठले दोन आवाज सारखे हे हवेतल्या लहरी मोजून पुरतं ठरत नाही, ते त्या माणसांच्या एकत्र वाजवण्यात, एकमेकांचं ऐकण्यात तयार होत जातं.

ओमॅक्सच्या फॅक्टर ओरॅकलला जी अक्षरं बाहेरून द्यावी लागतात ती बँड स्वतः अशी घडवतो. मशीनला तीच हवी असतील तर समोरच्याने काय वाजवलं याच्या जोडीने आपण वाजवलेल्याला त्याने काय उत्तर दिलं हेही त्याला जपून ठेवावं लागेल, तेही एका मैफलीपुरतं नाही, त्याच माणसांबरोबर परत परत बसून.